कार्ड एकवरचा आवाज

माणूस कितव्या फेरीला हात टेकतो, याची मनातल्या मनात नोंद ठेवायची मला खोड आहे. लोणी गावच्या दूध संस्थेत बावीस वर्षं सेक्रेटरी आहे. फॅट तपासता तपासता माणसंही तपासून होतात. आमच्याकडे साधारण तिसऱ्या फेरीला "जाऊ द्या राव" येतं.

रत्नानं माझा हा अंदाज पार चुकवला.

रत्ना आमची कॉम्प्युटरवाली. तिचे वडील गेणभाऊ म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटातले निवेदक. गाडीच्या आधी त्यांचा आवाज वर पोचायचा. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली एका यात्रेची कॅसेट, अर्ध्या तासाची. तिची फीत इतकी झिजलेली, की टेप दुरुस्त करणाऱ्या भिमाजीनं बजावलं होतं, "दोनदा वाजंल. तिसऱ्यांदा माझ्याकडं येऊ नका."

तो आवाज संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरात घ्यायचा होता. त्यावर चित्रं-बित्रं काही उघडत नव्हती. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ, एवढंच. रत्नाचा भाऊ सुदर्शन पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, एरेकॉर्ड ही कमांड लिही, फाइलचं नाव दे, एंटर दाब. झालं."

पुण्याहून आलेल्या "झालं" वर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

टेपची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात गेली. गेणभाऊ खुर्चीवर. दूध यायला वेळ होता, म्हणून दादाभाऊ आणि आणखी चौघं दाराशी जमले. दादाभाऊ म्हणजे बैलांचे मालक. बैल हरले तरी मिशी जिंकलेली.

"कुणी बोलायचं नाय," रत्ना म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

टेप सुरू झाली. गेणभाऊंचा तो भरदार आवाज खोलीत घुमला, "गाडी सुटली... आली, आली... झाली!" आणि पाचही जण एका दमात ओरडले, "भिर्रर्र!" दादाभाऊंनी तर शिट्टी मारली. घाटात "झाली" ऐकून गप्प बसलेला माणूस आमच्या तालुक्यात दाखवा.

फाइल लावली तर आत सगळं "भिर्रर्र". गेणभाऊ मागं कुठंतरी, विहिरीतून बोलल्यासारखे.

"तुमी वरडलात म्हणून," मी म्हणालो.

"नाय नाना. खोलीतला आवाज आलाच कसा? वायरीतनं यायला पायजे व्हता." तिनं कॉम्प्युटरकडून आवाज घ्यायच्या वाटांची यादी मागवली. पडद्यावर दोन ओळी आल्या. कार्ड शून्य म्हणजे शेतकऱ्यांचे फोटो काढायला लावलेला कॅमेरा, त्यातला माइक. कार्ड एक म्हणजे निळं भोक. नाव सांगितलं नाही, की हा गडी आपला शून्याकडं जातो.

आता कॅसेटला एकच फेरी शिल्लक.

"जाऊ द्या राव," चौघं म्हणाले आणि निघून गेले.

रत्नानं आधी सरावाला दादाभाऊंच्या लग्नाची कॅसेट मागवली. कार्ड एक सांगून त्यांची मंगलाष्टकं घेतली. काहीच आलं नाही. आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सर नावाच्या पडद्यावर निळ्या भोकाचा नळच बंद होता, तो उघडला. मग आवाज फाटला, तो उतरवला. मग घोगरा, पुन्हा चढवला. मी मोजत होतो. नवव्या फेरीला दादाभाऊ म्हणाले, "पोरी, आता नऊ बायका झाल्या मला. घरी काय सांगू?"

"काका, वरडा."

"आँ?"

"जोरात वरडा. भिर्रर्र करा."

दादाभाऊंनी मनापासून केलं. फाइल लावली. आत फक्त भटजी.

मग तिनं वडिलांची कॅसेट चढवली. कार्ड एक, एंटर. बाविसाव्या मिनिटाला खट् झालं. फीत तुटली.

दादाभाऊ हळूच म्हणाले, "बावीस मिंटं काय थोडी व्हत्यात?"

"आठ ऱ्हायलीत," रत्ना म्हणाली. तिनं कंट्रोल आणि सी दाबून रेकॉर्डिंग थांबवलं, झालं तेवढं ऐकून खात्री केली. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढले. गेणभाऊ पुढं सरकले. त्यांनी फितीची दोन टोकं नखात धरली, तिनं चिकटपट्टीचा गव्हाएवढा तुकडा लावला. मी माझा चहाचा ग्लास लांब सरकवला.

उरलेली आठ मिनिटं दुसऱ्या फाइलमध्ये आली. शेवटच्या मिनिटाला दाराशी दुधाचे कॅन वाजायला लागले होते; वायरीत काही शिरणार नव्हतं, तरी रत्नानं उठून दार लावून घेतलं.

दोन्ही फाइली तिनं ओळीनं लावल्या. गेणभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्यांनी बोट गोल फिरवलं: पुन्हा.

तिनं वरचा बाण दाबून आधीचीच ओळ परत आणली, एंटर दाबलं.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, दूध नासंल की!"

"नासू द्या," मी म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.