पूर्ण समाधानी

पाचव्या शिलाई मशीनखालची पत्र्याची पट्टी निघता निघेना, तेव्हा लेथकाम शिकवणाऱ्या टर्नरमास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या कडेत खुपसून ती उचकटली. पट्टीवर प्राचार्यांच्या साडूच्या कपडे कारखान्याचं नाव होतं. उद्या तपासणी समिती येणार होती. ती गेली की परवा मशिनंही कारखान्यात परत जाणार होती. तोवर ती संस्थेची.

"खुणा राहू देऊ नका," प्राचार्य दारातूनच म्हणाले आणि 'नैतिक नेतृत्व' या विषयावरचं आपलं भाषण घोकायला केबिनमध्ये गेले.

मास्तर मनातल्या मनात हसले. चोवीस वर्षं ते असेच मनात हसत आले होते. त्या धंदेशिक्षण संस्थेत त्यांच्या लेखी माणूस असा एकच होता आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याच हातात होता. प्राचार्य म्हणजे नाकानं कांदे सोलणारा लबाड. वेल्डिंगवाला ऐतखाऊ. कारकून चहाडखोर. आणि सगळ्यांत गयीगुजरी ती शिवणबाई, प्राचार्यांच्या ताटाखालचं मांजर. तिचं कंत्राट दरवर्षी नव्यानं व्हायचं, त्यामुळे कशालाही तिचं 'हो सर' तयार. मास्तरांनी तिचं नावच 'होसरबाई' पाडलं होतं. रात्री जेवताना ते बायकोला तिची नक्कल करून दाखवत. बायको एकदा म्हणाली, "तिच्या एकटीवर घर चालतंय. तुमची तर पक्की नोकरी आहे, तुम्ही कधी काय बोललात?" मास्तरांनी पाणी मागितलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी कर्मचारी समाधानाचे फॉर्म वाटले गेले. 'पूर्ण समाधानी' या चौकटीत कारकुनानं आधीच पेन्सिलीनं बारीक ठिपका देऊन ठेवला होता. मास्तरांनी त्या ठिपक्यावर इतक्या जोरात बरोबरची खूण केली की कागद फाटता फाटता राहिला. हा आपला निषेध, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

समितीत दोन पुरुष होते आणि एक पिकल्या केसांच्या बाई. शिवणवर्गात आल्यावर त्या बाईंनी सहज विचारलं, ही मशिनं कधी घेतली? आता 'होसरबाई' काय दिवे लावते, हे बघायला मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले.

"काल आली," शिवणबाई म्हणाली. "उद्या परत जातील. माझ्या बावीस मुली दोन मशिनांवर आळीपाळीनं शिकतात. त्यातल्या एकाचा पट्टा तुटलाय."

आवाज तोच, 'हो सर' म्हणतानाचा. खालचा, मऊ.

प्राचार्य हसले. आमच्या शिवणबाईंचा काहीतरी गोंधळ झालाय, असं समितीला म्हणाले आणि मास्तरांकडे वळले. "मशिनं तर आमच्या मास्तरांनीच बसवलीत. काय मास्तर, आपलीच ना?"

पाचही पट्ट्या मास्तरांच्या एप्रनच्या खिशात होत्या. खिशात हात घालायचा आणि टेबलावर ठेवायच्या, एवढंच काम होतं. समितीच्या बाई थांबून राहिल्या. शिवणबाईनं मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. जणू त्यांच्याकडून तिला कधी अपेक्षाच नव्हती.

"हो, सर," मास्तर म्हणाले.

समितीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. पुढच्या महिन्यात संस्थेला 'आदर्श कार्यसंस्कृती'चं मानचिन्ह मिळालं. प्राचार्यांचं भाषण लांबलं आणि मास्तरांनी इतरांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवल्या. शिवणबाईचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये आली. तिच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती, तिच्या स्वतःच्या मालकीची. धार गेलीय, लावून द्याल का, असं तिनं विचारलं. मास्तरांनी ग्राइंडर सुरू केला. त्याच्या आवाजात बोलता येत नव्हतं, ते त्यांना बरं वाटलं. पण ग्राइंडर कधीतरी बंद करावाच लागतो.

"बाई, त्या दिवशी मी..."

"दुसऱ्या पात्याला पण लावा," ती म्हणाली.

त्यांनी लावली. एवढं मन लावून त्यांनी कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं. तिनं पिशवीतून एक चिंधी काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली. कात्री कुठे अडली नाही.

"हात चांगला आहे तुमचा, मास्तर."

कात्री फडक्यात गुंडाळून ती गेली. तिच्या बोलण्यात तुच्छता होती का, हे मास्तर पुन्हा पुन्हा आठवून पाहत राहिले. शोधूनही सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं. समोर बाकावर चिंधीचे दोन तुकडे पडले होते, एकसारखे, सरळ कडांचे.