अकरा मिस्ड कॉल

आमच्या धंद्यात एकच कायदा आहे. जोडीदार स्टेजवर जे म्हणेल ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. संहिता नसते, पाठांतर नसतं. प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द ओरडतं आणि आम्ही उभ्या उभ्या प्रवेश रचतो. तो म्हणाला तू घोडा, तर तू घोडा. "नाही" म्हटलं की प्रवेश मेला. मी आणि लायनेल प्रूइट नऊ वर्षं क्लार्क स्ट्रीटवरच्या एका बारच्या माडीवर दर रविवारी दुपारी हेच करतोय.

त्या आठवड्यात एका मोठ्या थिएटरने लायनेलला पगारी कंपनीत घेतलं. मला नाही घेतलं. मी त्याला मिठी मारून "मला माहीतच होतं!" म्हणाले आणि घरी जाऊन भांडी आपटली. जळत होते मी, दुसरं काय!

रविवारी त्याची आई मिल्वॉकीहून पहिल्यांदाच खेळ बघायला आली. चर्चला जाताना घालायची जांभळी टोपी घालून तिसऱ्या रांगेत ताठ बसली होती.

"मार्गो, आज जरा सभ्य राहू या," खेळ सुरू होण्याआधी लायनेल विंगेत मला म्हणाला. "आई आलीये."

"पगारी लोकांचा हुकूम का?"

"चिडलीस होय गं?"

"छे! मी कशाला चिडू?"

आमचा शिक्षक नेहमी सांगायचा, मनात असेल ते घेऊनच वर जा, लपवलंत तर खेळ लाकडी होतो. प्रेक्षकांतून शब्द आला, "वाढदिवस." मी झाले बायको. लायनेल उशिरा घरी आलेला नवरा, रिकाम्या हातांवर नुसत्या अभिनयाने तोललेला केक. मी गोड गोड विनोद करत राहिले आणि ते सगळे पडले, कुणी हसेना. शेवटी मी राग मोकळा सोडला.

"तू वेळेवर कधी आलायस? बाप हॉस्पिटलात शेवटचा श्वास घेत होता, तेव्हासुद्धा तुझ्या फोनवर अकरा मिस्ड कॉल होते!"

हे त्याने फक्त मला सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी, गाडीत, रडत. घरी त्याने बॅटरी संपली होती असं सांगितलं होतं. शब्द तोंडातून गेले आणि मी तिसऱ्या रांगेतल्या जांभळ्या टोपीकडे पाहिलं.

लायनेलने केक जरा सावरला. "हो," तो म्हणाला, "आणि फोन माझ्या हातातच होता. प्रत्येक वेळी वाजताना बघत होतो. उचलला असता तर बाबा खरंच गेले असते ना."

हे मलाही माहीत नव्हतं. लोक मात्र खदाखदा हसले, कारण एवढं बोलतानाही तो केक तिरपा होऊ देत नव्हता. बाजूला उभ्या आमच्या गटातल्या कुणीही आमच्या समोरून स्टेजवर पळत जाऊन प्रवेश कापू शकलं असतं; आमच्यात प्रवेश असाच संपवतात. हसू येतंय म्हटल्यावर कोण कापतो? मीही थांबले नाही. "आणि केक तरी चॉकलेटचा आणलास का?" असं विचारलं. त्यावर टाळ्या पडल्या. आजही ते वाक्य आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

खेळ संपल्यावर मिसेस प्रूइट जिन्यापाशी उभ्या होत्या. लायनेल त्यांचा कोट घेऊन मागे. त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, तुम्ही हे सगळं तिथल्या तिथे रचता ना?"

"हो, मिसेस प्रूइट."

"तो फोनचा भागसुद्धा?"

मी लायनेलकडे पाहिलं नाही. "तोसुद्धा. असंच सुचलं मला."

त्यांनी केवढा तरी सुस्कारा सोडला आणि मला छातीशी धरलं. "देवा! मी किती घाबरले होते गं. गुणाची आहेस." त्यांच्या कोलोनच्या वासात मी तशीच उभी राहिले. मला सुटका झाल्यासारखं वाटत होतं, याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. आता लायनेलने फक्त हो म्हणायचं होतं. नऊ वर्षांत त्याने मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

"नाही, आई," लायनेल म्हणाला. "तिने रचलेलं नाही ते. खरंय."

मिसेस प्रूइटचे हात माझ्या पाठीवरून हळूच निघाले. त्यांनी त्याच्याकडून कोट घेतला, स्वतःच घातला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. लायनेल त्यांच्या मागोमाग गेला.