मोह वेचून आलेली पोरगी

टिकाराम गुरुजींची एक खोड शकुनबाईला मुळीच खपत नसे. यायचं, ओसरीवरच्या खाटेवर ऐसपैस बसायचं, गुळाचा चहा दोनदा मागून प्यायचा आणि बशी खाली ठेवता ठेवता त्याच घरच्या पोरीला मठ्ठ म्हणायचं. नाकाडोंगरीत तिचा चहा पिऊन तिच्याच घरच्यांना नावं ठेवणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. हा बाहेरगावाहून बदलून आलेला, म्हणून वाचला होता.

पोरगी म्हणजे चंदा, शकुनबाईची नात. यंदा सातवीला. वर्गात पाय हलवत बसायची, खिडकीबाहेर बघायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ठोकून मोकळी व्हायची, तेही चुकीचं. गुरुजींनी तिचा खेळाचा तास बंद केला. बाकीच्या पोरी अंगणात लंगडी खेळत, तेव्हा ही रिकाम्या वर्गात हाताची घडी घालून. वर तिच्या बापाला, घनश्यामला बजावलं, "घरीही हिला हलू देऊ नका. मोहफुलं वेचायला तर पाठवूच नका. शनिवारच्या चाचणीत नापास झाली तर सातवीच्या बोर्डाला बसवून माझ्या शाळेचा निकाल मी बिघडवणार नाही."

"नापास झाली त शाळाच बंद," घनश्याम म्हणाला. "लगन लावून देतो."

घनश्याम मॅट्रिक होता. शिकलेल्यानं शिकलेल्याच्या होला हो म्हणावं, एवढंच त्याच्या अंगी लागलं होतं. शकुनबाईलाही तिच्या बापानं असंच दुसरीतून उठवून घरी बसवलं होतं. सहीपुरती अक्षरं हाताशी उरली, बाकी सगळी गेली.

शाळेची वेळ सोडली तर चंदा घरातच बसली आणि तीन दिवसांत घराची रया गेली. धाकट्या भावाला चावली, भाताचा गंज उलथवला, पुस्तक उघडलं की रडू लागली. मंगळवारी संध्याकाळी शकुनबाईनं तिला पुस्तकातली गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली. राजा मेला, मग त्याचं लग्न झालं, मग तो शिकारीला गेला.

"मेल्यावर लगन?"

"ओळी सुटून राह्यल्या, आजी. मी का करू?"

म्हातारी विचारात पडली. मागल्या साली मोहाच्या दिवसांत हीच पोरगी वेचून आली की तासभर एका जागी बसून सुपं सारवायची, हूं की चूं नाही.

बुधवारी झुंजूमुंजू झालं तशी तिनं चंदाला उठवलं. घनश्याम घोरत होता. नाला ओलांडून दोघी जंगलात गेल्या. शकुनबाई एका झाडाखाली बसून वेचत राहिली आणि चंदा या झाडाखालून त्या झाडाखाली धावत सुटली. दोन टोपल्या भरल्या. भरली टोपली डोक्यावर घेऊन पोरगी चढ चढून घरी आली, पेज प्यायली, पुस्तक उघडलं. नव्या गोष्टीतला राजा जन्मला, त्याचं लग्न झालं, तो शिकारीला गेला आणि वेळेवर मेला.

एका दिवसानं पटेल ती शकुनबाई कसली. गुरुवारी तिनं मुद्दाम पोरीला मोहावर नेलं नाही. त्या दिवशीच्या गोष्टीतला वाघ पिंजऱ्यात सापडायच्या आधीच सुटला, आणि धाकट्याच्या पाठीत दोन गुद्दे बसले. शुक्रवारी पुन्हा मोह. पोरीनं पाच गणितं मांडली आणि भावाला आपल्या ताटातला गूळ दिला. शनिवारी दोघी मोहावरून आल्या, तशीच चंदा सकाळच्या शाळेत चाचणीला गेली.

सोमवारी गुरुजी आले. खाटेवर बसले.

"शंभरात बावन्न. बघा घनश्यामराव, कोंडून ठेवल्याचा गुण. आता परीक्षेपर्यंत ढिलाई नको."

घनश्यामनं मान डोलावली.

"तीन दिवस पोरगी माह्यासंग मोहावर होती," शकुनबाई दारातून म्हणाली. "चाचणीच्या दिवशीई."

"माय, मले काहून नाई सांगितलं?"

"तू झोपून होता."

गुरुजी हसले. "आजीबाई, मोहानं गणित येत असतं तर जंगलातली अस्वलं मॅट्रिक झाली असती."

"झाली असती त तुमाले नोकरी नसती भेटली," शकुनबाई म्हणाली. "गुरुजी, कोठ्यात चार दिवस बांधलेला बैल जुंपला त सरळ चालत नाई. आधी त्याले फिरवा लागते, मंग तो दिवसभर ओढते. आमच्या गुराख्याले हे समजते, त्याले पगार नाई. तुमाले पगार हाये अन् समज नाई. तिनं बावन्न आणले ते तुमच्याच्यानं नाई, तुमी असूनई आणले. पोरगी मठ्ठ नाई, तुमी मठ्ठ हाव. उद्यापासून खेळाच्या तासाले तिले बाहेर सोडा. नाई सोडलं त मी येऊन दार उघडीन."