यॉर्कला राहिलेल्या चपला

किशनराव गुरुजींनी विलायतेची गोष्ट काढली की नर्मदाबाईंच्या हातातलं काम थांबायचं आणि त्या दातओठ खायच्या. लेकाकडे राहून जूनमध्ये दोघं पेडगावला परत आली. तेव्हापासून गुरुजींनी ही गोष्ट ओट्यावर सांगितली, पिठाच्या गिरणीत सांगितली, परभणीच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवली. यॉर्क नावाचं जुनं शहर, त्याचा दगडी तट, आभाळाला टेकलेलं चर्च, सगळं गोष्टीत यायचं. बायको मात्र यायची नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी एक छत्री घेऊन एकटाच हिंडून आला.

आणि नर्मदाबाई तेव्हापासून अनवाणी होत्या. गुडघाभर चिखलातून गोठ्यात जायच्या, बाभळीचा काटा मोडला तर उंबऱ्यावर बसून सुईनं काढायच्या, पण पायात काही घालायच्या नाहीत. गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं की नवस असणार. शेजारच्या सवितानं एकदा विचारलंच.

"मावशी, कोन्या देवाचा नवस हाय वं?"

"फिटला की सांगते," नर्मदाबाई म्हणाल्या.

गुरुजीही खुशाल तेच सांगत सुटले. "आमची मंडळी लय देवभोळी," असं म्हणून मिशीत हसायचे. नवस कसला आलाय! नर्मदाबाईंनी परत आल्या दिवशीच त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "त्या चपला माज्या व्हत्या, असं चार मान्सांत तुमच्या तोंडानं म्हना. तवर मी पायात काई घालनार न्हाई." गुरुजींनी ऐकलं, चष्मा पुसला आणि पेपर उघडला. शिकलेल्या माणसाला ऐकू न येण्याची सोय असते.

झालं होतं असं.

हरिओम, त्यांचा मुलगा, लीड्सला नोकरीला. त्यानं एका शनिवारी दोघांना सकाळच्या गाडीत बसवून दिलं. यॉर्क बघा, फिरा आणि संध्याकाळच्या गाडीनं या, असं दहादा बजावलं. सुनेनं बूट दिले होते, पण ते नर्मदाबाईंना चावायचे. त्यांनी आपल्या चपला घातल्या. परभणीच्या उरुसात घेतलेल्या, लाल अंगठ्याच्या, जाड तळाच्या. उरुसातल्या दुकानदाराशी त्या इतकं भांडल्या होत्या, की शेवटी त्यानंच हात जोडले होते. पायाला अशा बसल्या होत्या की आहेत हेसुद्धा कळू नये.

सकाळ चांगली गेली, खोटं कशाला बोला. नदीकाठच्या बाकावर बसून दोघांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एका जुन्या गल्लीत दोन्ही बाजूंची घरं वरून इतकी वाकली होती, की जणू दोन म्हाताऱ्या कानाला लागून कुणाची तरी निंदा करतायत. नर्मदाबाई तिथे मनापासून हसल्या. गुरुजी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, इंग्लंडात पाटी वाचायला मिळाली, तर माणूस वाचणारच. नर्मदाबाईंना त्याचं कौतुकच वाटत होतं.

माशी शिंकली ती त्या गल्लीच्या तोंडाशी. फोटो काढणारं एक जोडपं मराठी बोलताना ऐकू आलं. पुण्याचं होतं, बरीच वर्षं तिकडेच राहणारं. गुरुजी पुढे झाले, नमस्कार केला, आणि बघता बघता त्यांची जीभ बदलली. 'आमी'चं 'आम्ही' झालं, 'हाय'चं 'आहे' झालं. एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. "मी निवृत्त प्राध्यापक," गुरुजी म्हणाले. नर्मदाबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. पेडगावच्या शाळेचं कॉलेज कधी झालं, त्यांना काही कळवलं नव्हतं कुणी.

चौघं मिळून त्या मोठ्या चर्चकडे निघाली. ती तिघं पुढे, नर्मदाबाई मागे. तिकिटाच्या रांगेत तिघं बोलत उभी राहिली आणि नर्मदाबाई दाराशी थांबल्या. जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. चपला काढल्या, भिंतीच्या कडेला कुणाच्या पायात येणार नाहीत अशा जोडून ठेवल्या आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेला. मारुतीच्या देवळात तेच, उरुसात दर्ग्यावर गेलं तरी तेच. देव कुणाचा का असेना, त्याच्या घरात चपला घालून शिरायचं म्हणजे काय!

आत दगडी फरशी गारगार होती. उंच खिडक्यांच्या रंगीत काचांतून लाल-निळं ऊन जमिनीवर सांडलं होतं. नर्मदाबाईंनी त्या उन्हात पाय ठेवले आणि हात जोडले. लेकासाठी मागितलं, सुनेसाठी मागितलं, गुरुजींच्या गुडघ्यासाठीही मागितलं. तेवढ्यात गुरुजींची नजर निऱ्यांखालच्या उघड्या बोटांवर गेली.

"चपला कुठं हायेत?" त्यांनी दातांतल्या दातांत विचारलं. कुजबुजताना प्राध्यापक गळून पडला होता.

"दाराशी. देवळात कुनी घालून येतंय का?"

"आगं, सगळी दुनिया घालून आलीय! पाय झाक, पाय!"

नर्मदाबाईंनी इकडेतिकडे बघितलं. खरंच, सगळेच बुटांनिशी हिंडत होते. त्यांना वाईट वाटलं, पण स्वतःचं नाही, त्या लोकांचं वाटलं. तरी नवऱ्याचा जीव वरखाली होतोय म्हणून त्यांनी साडी ओढून पाय झाकले.

चौघं बाहेर पडायला दाराशी आली, तर तिथे लांब झगा घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात नर्मदाबाईंच्या चपला. बेवारस वस्तू दिसली की उचलायची, अशी तिथली रीत असणार. त्यात त्याचा काही दोष नाही. बिचारा प्रत्येकाला अदबीनं विचारत होता. गुरुजींसमोर येऊन त्यानं चपला वर धरल्या आणि विचारलं. नर्मदाबाईंना इंग्रजी येत नाही, पण हे समजायला इंग्रजी कशाला लागतं? त्यांनी चपला घ्यायला हात पुढे केलासुद्धा.

"नो, नो," गुरुजी म्हणाले. "नॉट अवर्स."

पुण्याची बाई खळखळून हसली. "देऊळ समजून काढल्या वाटतं कुणीतरी!"

आणि गुरुजी हसले. तिच्या हसण्यात हसू मिसळून हसले. "असतात हो काही अडाणी लोक. आपल्याकडचंच असेल कुणीतरी."

नर्मदाबाईंचा पुढे केलेला हात पदराखाली गेला. एक शब्द बोलल्या असत्या तर तिथल्या तिथे नवरा खोटा पडला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या घराची मूठ लग्नापासून त्यांनीच झाकून धरली होती, आजही त्यांनी ती झाकली. म्हातारा चपला घेऊन एका दाराआड गेला. चपला जाताना नर्मदाबाईंना लाल अंगठा तेवढा दिसला.

पुण्याचं जोडपं निरोप घेऊन वळलं आणि नर्मदाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"जावा. आना माज्या चपला."

"आता कसा जाऊ? त्याला सांगू काय?"

"खरं सांगा."

"नव्या घेऊ की! इथं काय दुकानं न्हाईत का?"

गुरुजी खरंच एका दुकानात शिरले आणि रबरी सपाता घेऊन आले. नर्मदाबाईंनी त्या हातात घेतल्या, जवळच्या बाकावर ठेवल्या आणि चालू लागल्या. शहराच्या जुन्या तटावर लोक हौसेनं चालत जातात. त्या अनवाणी चालल्या. दगड गार होते, वारा बोचत होता, येणारेजाणारे पायांकडे बघत होते. गुरुजी चांगलं अंतर ठेवून पुढे चालत होते, जणू ही बाई त्यांची कुणीच नाही. एका वाक्यात चपला नाकारल्या, आता बाईसुद्धा! अरे, जिच्या हातच्या दशम्या सकाळी पोटात गेल्या, तिची संध्याकाळी लाज वाटावी? तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, नर्मदाबाईंचे तळपाय तर गारठले होते आणि मस्तक तरीही पेटलं होतं.

गाडीत बसल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "हरिओमला बोलू नको." स्टेशनवर लेकानं विचारलं तेव्हा नर्मदाबाईंनी सांगितलं, "अंगठा तुटला बाबा, टाकून देल्या." तेही खोटं त्यांच्याच पदरात पडलं.

त्यानंतरचे हे दिवस. आणि मग श्रावणातल्या एका रविवारी गावातल्या पोरांच्या मंडळानं मारुतीच्या सभामंडपात गुरुजींचं भाषण ठेवलं, 'माझा विलायतेचा प्रवास'. माईक आणला, भोंगा लिंबाच्या झाडाला बांधला, म्हणजे शेतातल्या माणसालाही ऐकू जावं. पायरीखाली चपलांचा हा ढीग पडला. गुरुजींनी लेकानं दिलेले पांढरेशुभ्र बूट काढले आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून बाजूच्या कट्ट्यावर वेगळे ठेवले. मोज्यांवरच ते माईकपाशी उभे राहिले. नर्मदाबाई बायकांत, सविताच्या शेजारी.

भाषण लांबलं. तटाची उंची झाली, चर्चची झाली, मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. लोक हातचे जातायत असं दिसल्यावर गुरुजींनी राखून ठेवलेला पत्ता काढला.

"आता एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "त्या चर्चच्या दारात एका बाईनं चपला काढून ठेवल्या! आपल्याकडचीच असावी कुणीतरी. ते साहेब चपला हातात घेऊन सगळ्यांना विचारतायत, कुणाच्या, कुणाच्या? आता कोणत्या तोंडानं सांगणार?"

मंडप हसला. सविताही हसली. मग तिची नजर शेजारच्या उघड्या पायांवर गेली आणि तिचं हसू मध्येच थांबलं.

नर्मदाबाई उठल्या. परक्या मुलखात परक्या माणसांपुढे केलं, ते एक वेळ गिळलं होतं. पण स्वतःच्या गावात, मारुतीपुढे, त्यांच्याच अपमानाचा चुटका करून टाळ्या घ्यायच्या? ज्यानं लपवायला लावलं त्यानंच विकायला काढलं! त्या पायरीपर्यंत गेल्या, कट्ट्यावरचे पांढरे बूट दोन बोटांत धरले आणि माणसांच्या मधून चालत थेट माईकपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ही बुटं कुनाची हायेत?"

पुढे बसलेल्या दत्तरावांनी तोंडातलं पानसुद्धा चावायचं थांबवलं.

"आगं, काय करायलीस? बस खाली," गुरुजी म्हणाले. माईक चालू होता, भोंग्यातून सगळ्या गावाला ते ऐकू गेलं.

"मी इचारायले, कुनाची हायेत? कुनाची न्हाईत म्हनाल तर उकिरड्यावर टाकून येते."

"माझे आहेत. सगळ्यांना माहीत आहे."

"लगेच वळखली की! मंग त्या चपला कुनाच्या व्हत्या?"

गुरुजींनी चष्मा काढला. पुसायला धोतर चाचपलं, पण पुसला नाही. पेपर जवळ नव्हता. समोर सगळं गाव बसलं होतं, त्यातले निम्मे त्यांच्याच हातचे विद्यार्थी, ज्यांना खोटं बोलल्याबद्दल त्यांनी कान पिळले होते.

"हिच्या व्हत्या," शेवटी ते म्हणाले. आवाज प्राध्यापकाचा नव्हता, गुरुजींचाही नव्हता. "माज्या बायकूच्या. त्यानं मला इचारलं, अन् मी न्हाई म्हनलो."

"अन् हासलात."

"हासलो."

"देवाच्या दारात चपला काढल्या त्याची मला लाज न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुमी हासलात, त्याची वाटायलीय. माजा हात पुढं व्हता, तुमी बघितला व्हता."

गुरुजींनी मान हलवली. त्यांनी बघितला होता. एवढ्या दिवसांत नर्मदाबाईंना हीच एक शंका होती, की कदाचित त्यांना हात दिसला नसेल. तीही फिटली, आणि तिचा त्रास बाकी सगळ्यापेक्षा जास्त झाला. डोळे भरून आले, पण त्यांनी तिथे पुसले नाहीत.

त्या तशाच मागे गेल्या. बूट फेकले नाहीत. कट्ट्यावर होते तिथेच, नीट जोडून ठेवले. सविता मागोमाग पळत आली.

"मावशी, मंग त्यो नवस?"

"फिटला," नर्मदाबाई म्हणाल्या. "उद्या परभनीला यायलीस का माज्यासंगं? चपला घ्यायच्यात."

"गुरुजी न्हाईत येनार?"

नर्मदाबाईंनी मागे वळून बघितलं. मंडपात कुणी हलत नव्हतं आणि माईकपुढे गुरुजी मोज्यांवर उभे होते.

"त्यांचं भाषन व्हायचंय आजून," त्या म्हणाल्या आणि अनवाणीच घराकडे निघाल्या.