बुजवलेली भोकं

"मंडळात आलेली वस्तू बाहेर जात नाही," मास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"आलेली कसली? आपल्या पायांनी चालत आली का? मीच दिली ना!" आत्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

सगळं गाव जिला आत्या म्हणतं, त्या बाईने गेल्या वर्षी आपली पाभर मोठ्या तोऱ्यात इतिहास मंडळाला देऊन टाकली होती. लेकाने ट्रॅक्टर घेतल्यावर बैलांनी ओढून पेरायचं ते लाकडी अवजार घरात अडगळच झालं होतं. यंदा मात्र ओढ्याकाठच्या पट्ट्यात ट्रॅक्टर घातला आणि तो पोटापर्यंत रुतला. वरच्या मातीला तर वाफसा आलेला. पेरणीपुरती नेमकी ओल आज होती, परवा राहणार नव्हती. घरचं खायचं धान्य त्याच पट्ट्यात पिकायचं, आणि विकतच्या दाण्याला आत्या जन्मभर नाक मुरडत आलेली.

मंडळ म्हणजे जुन्या पोस्टाच्या दोन खोल्या. निवृत्त झाल्यापासून मास्तरांनी घरोघर हिंडून जाती, रव्या, कंदील, नांगर असं काय काय गोळा केलं होतं. त्यावरची धूळसुद्धा ते दुसऱ्याला पुसू देत नसत.

"निदान बघू तरी द्या," म्हणत आत्या दोरी ओलांडून आत शिरलीच. पाभर नव्या नवरीसारखी चकाकत होती. ज्या लाकडी वाटीत दाणे सोडायचे, त्या चाड्यावरून तिने हात फिरवला आणि तो मध्येच थांबला.

"मास्तर, ह्याची भोकं कुठं गेली?"

"बुजवली की!" मास्तर खुलले. "कीड लागली होती. चांगली चार भोकं पाडली होती तिनं. मी स्वतः लाख भरली, वर पॉलिश केलं."

आत्याने कपाळावर हात मारला. "अहो, सुतारानं पाडलेली भोकं ती! मुठीतनं दाणा सुटला की त्यातनं नळीत, नळीतनं मातीत. कीड काय माप घेऊन सारख्या अंतरावर भोकं पाडते?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. आत्याला आधी हसू फुटलं, मग त्यांची दयाच आली. बिचाऱ्याने जीव लावूनच वाट लावली होती.

"वस्तू बाहेर जात नाही ना?" ती म्हणाली. "मग तुम्हीही चला. अध्यक्ष जिथं, तिथं मंडळ."

मास्तरांनी स्वतःच पाभरीपुढची दोरी सोडली. तापल्या सळईने लाख निघाली, शेजाऱ्याची बैलजोडी आली आणि धुतलेला पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून मास्तर पाभरीमागे ओली माती तुडवू लागले. आत्याची मूठ अशी सुटत होती, की दाण्यांच्या धारेत जराही खंड पडत नव्हता. मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. शेवटच्या फेरीला ती म्हणाली, "या, पाभर धरा आता."

"मी? मला नाही जमणार."

"नाही जमलं तर पीक वाकडं येईल. येईल तर खरं!"

आठव्या दिवशी पट्टा हिरवा झाला. आत्याच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ, आणि बांधालगतच्या चार तेवढ्या चुकलेल्या वासरासारख्या भरकटलेल्या. हल्ली मंडळ बघायला कोणी आलं की मास्तर त्याला आधी शेतावर नेतात आणि त्या ओळी दाखवून म्हणतात, "ह्या आमच्या." येतात त्या वाटेवर आत्याच्या गोठ्यात पाभर उभीच असते. ती परत न्यायचं मात्र ते रोज विसरतात.