डावी बाजू

“तू डावीकडं बघायचं. उजवीकडं ही पोरगी बघंल, समोरचं माझं मी बघतो,” जिप्सीत चढता चढता महिपतीनं बायकोला पुन्हा बजावलं. “काय हाललं तर बोलायचं न्हाई. माझ्या दंडाला चिमटा काढायचा.”

“कितींदा सांगताय? काढीन की,” रतनबाई म्हणाली.

“जोरात काढ.”

“लग्नापास्नं वाट बघतीय. जोरातच काढीन.”

पुढच्या सीटवरची गाईड रेणुका खुदकन हसली. ताडोबाच्या जंगलात हौशे-नवशे फोटोवाले तिनं पुष्कळ बघितले होते, पण मावळातून आलेलं असं जोडपं पहिलंच. महिपती मात्र हसला नाही. ही शेवटची फेरी होती. आधीच्या फेऱ्यांत चितळं दिसली, गवे दिसले, एका झाडावर वाघाच्या नखांचे ओरखडे दिसले. वाघ तेवढा दिसला नव्हता. उद्या परतीची गाडी होती, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत महिपतीची नजर टिकणार नव्हती.

लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर पर्यटकांचे फोटो काढत त्यानं उभं आयुष्य घालवलं होतं. नावात टायगर असला तरी तिथं दरी, धुकं, भाजलेली कणसं आणि माकडं एवढंच मिळतं. “टायगर किधर है?” असं त्याला रोज कुणीतरी विचारायचंच, आणि प्रत्येकाला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच सुचला. “आज छुट्टी पे है, साब,” महिपती सांगायचा. गिऱ्हाईक हसलं की तेवढ्यात बटण दाबायचा. चेहरे हसरे यायचे, म्हणून फोटो खपायचे. पुढं जो तो मोबाईल घेऊन यायला लागला. लोक त्याच्याच हातात स्वतःचा मोबाईल देऊन म्हणायचे, “भाऊ, एक काढा ना.” तो तेही काढून द्यायचा. करतो काय?

एक डोळा मिटायचा आणि दुसरा कॅमेऱ्याला लावायचा, हीच ज्याची आयुष्यभराची सवय, त्याला आपली नजर कडेनं झिजत चाललीय हे कळणार कसं? कॅमेऱ्यातून बघताना कडेचं तसंही दिसत नाही. शेजारच्या कणीसवाल्याची पेटती शेगडी एक दिवस पायानं उलटली, तेव्हा कुठं तळेगावच्या डॉक्टरकडं जाणं झालं. काचबिंदू निघाला. “गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले, “उरलेली आपण सांभाळायचा प्रयत्न करू.” पण त्यांच्या आवाजात काही जोर नव्हता. आता महिपतीला नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, आणि ती नळी दर महिन्याला बारीक होत होती.

तपासून घरी आला तेव्हा तो जेवला नाही. म्हणाला, “जल्मभर त्याच्या नावावर भाकरी खाल्ली. एकदा त्याचं तोंड बघतो, एक फोटू काढतो. मग आंधार व्हायचा तर व्हऊ दे.”

कामशेतला लग्नाचे फोटो काढणाऱ्या निलेशनं आपली लांब लेन्स दिली. एकट्यानं प्रवास आता जमण्यासारखा नव्हता, म्हणून रतनबाई निघाली. आंदर मावळातल्या एका वाडीत गुरांमागं वाढलेली बाई ती. पुण्यापलीकडं कधी गेली नव्हती. पण स्टेशनांच्या जिन्यांवर, एसटीच्या पायरीवर, सगळीकडं तीच त्याच्या दोन्ही बाजू झाली होती.

जिप्सी पाणवठ्याच्या अलीकडं थांबली. उन्हानं बांबूची बेटं पिवळी पडली होती. पाण्यावर एक मोर येऊन गेला. मग बराच वेळ काहीच नाही.

“मोठा येईल का गं आज?” रतनबाईनं रेणुकाला हळूच विचारलं. वाघ हा शब्द तिच्या तोंडून इथं आल्यापासून एकदाही निघाला नव्हता.

“येते जी, पाण्यावर येतेच तो,” रेणुका म्हणाली, आणि तेवढ्यात तिनं हात वर केला.

उजवीकडच्या बांबूतून सांबर ओरडलं, वाघ जवळ आला की ओरडतं तसं. एकदा, मग पुन्हा. रेणुका सीटवर उभी राहिली. ड्रायव्हरनंही मान तिकडं वळवली. महिपतीनं कॅमेरा उचलला आणि उजवीकडं रोखला. भिंगात बांबू होता, बांबूमागं सावली होती. सावली हलेल म्हणून तो श्वास धरून थांबला. घाम डोळ्यात उतरला तरी पुसला नाही. ज्या देवांची नावं कित्येक वर्षांत घेतली नव्हती, त्यांचीही त्यानं घेतली.

सावली हलली नाही. सांबर गप्प झालं.

“गेला वाटते,” रेणुका पुटपुटली आणि मागं वळली. वळली ती तशीच थबकली. जिप्सीच्या मागं, धुळीत, त्यांच्याच चाकांच्या खुणांवर ताजे ठसे उमटले होते. डाव्या बाजूच्या गवतातून निघून ते रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत गेले होते. जिप्सीपासून हातभर अंतरावरून.

“अगा बाई! आत्ताच गेला जी! काकू, तुम्ही पाह्यला?”

रतनबाई मान खाली घालून बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, दोन्ही हात जोडलेले. तिनं हळूहळू मान वर केली.

“बघितलास तू?” महिपतीचा आवाज चिरकला.

“व्हय.”

“मग चिमटा का न्हाई काढला?”

“हात जोडल्याले व्हते,” रतनबाई म्हणाली.

महिपती ओरडला. जंगलात ओरडायचं नसतं हे त्याला माहीत होतं, तरी ओरडला. “एवढं एकच काम सांगितलं व्हतं तुला! माझ्या डोळ्यात माती घातलीस गं! आता कवा दिसायचा मला? कवा?” रेणुकानं त्याला शांत करायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरनं जिप्सी झाडीच्या कडेकडेनं दोनदा फिरवली. सगळ्यांनी डोळे ताणले. पण जो गेला तो गेला. जंगलाचं फाटक बंद व्हायची वेळ होत आली.

“काकाजी, ठशाचा तरी फोटो घ्या जी,” रेणुका म्हणाली.

त्यानं कॅमेरा खाली वळवला. भिंगात नुसती धूळ दिसत होती. ठसा कुठं आहे ते त्याला सापडेना. रतनबाईनं त्याचं मनगट धरून वळवायला हात पुढं केला, तो त्यानं झटकला. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि टोपीनं तोंड झाकून घेतलं.

परतीच्या गाडीत तो वर्ध्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला. रतनबाईनं भाकरी पुढं केली, ती त्यानं खाल्ली नाही. शेवटी खिडकीकडं तोंड ठेवूनच त्यानं विचारलं, “सांग तरी. कसा व्हता?”

“पाय बघितले मी.”

“पाय?”

“येवढाले पंजे. पुढचा पाय उचलला की तितंच मागचा टाकायचा. पाला वाजला न्हाई.”

“आन तोंड? डोळे?”

“न्हाई बघितलं.”

आता महिपती तिच्याकडं वळला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“आबा सांगायचे आमचे,” ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील रखमाजी. “तो म्होरं आला तर नाव घ्यायचं न्हाई, बोट दावायचं न्हाई. हात जोडायचे, मान खाली घालायची, आन मागायचं ते मागून घ्यायचं. तो जाईस्तवर वर बघितलं तर मागणं फुकट जातं. आमच्या वाडीत त्यो कवा आलाच न्हाई. नुसता त्येच्या नावाचा शिवंवरचा दगड. हितं खरा आला, तर मी मागितलं.”

“काय मागितलंस?”

“आता आनखी काय मागनार मी?” रतनबाई एकदम रडायला लागली. “तुमचं डोळं मागितलं. फोटू का मागू? फोटू घिऊन काय करायचा व्हता मला?”

समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. महिपतीला तिच्यावर रागवायलाही आता जागा राहिली नव्हती, आणि राग तर तसाच होता. त्यानं डब्यातली भाकरी चाचपडून घेतली, अर्धी मोडून तिच्या हातात दिली.

पाऊसकाळ गेला. डॉक्टरांनी थेंब बदलले, तपासण्या केल्या, आणि एक दिवस थेंब लिहून द्यायचंही थांबवलं. उजवा डोळा गणपतीत गेला. डाव्यात थोडा उजेड राहिला, कुणी दारात उभं राहिलं तर कळण्यापुरता. लेन्स परत करायला गेला तेव्हा महिपतीनं आपला कॅमेराही निलेशच्याच दुकानात ठेवला. निलेश नको नको म्हणत राहिला.

दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाला पुजायच्या वाघबारशीला, रतनबाई त्याला माहेरी घेऊन गेली. एसटी उतरल्यावर भाताच्या बांधांवरून बरंच चालावं लागलं. ती पुढं, तिच्या खांद्यावर त्याचा हात. शिवेवर, वाघाचं तोंड कोरलेल्या वाघोबाच्या दगडापुढं वाडी जमली होती. शेंदूर लावून झाला, पळसाच्या पानावर खीर ठेवली. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं तशी सगळी गप्प झाली. नुसती गुरांची घुंगरं वाजत होती.

“समदी खाली बघत्यात?” महिपतीनं हळूच विचारलं.

“व्हय.”

“आन तू?”

रतनबाईचे हात जोडलेले नव्हते. एका हातानं तिनं त्याचा दंड घट्ट धरला होता.

“मी त्येच्या तोंडाकडं बघतीय,” ती म्हणाली. “मोठं हाय. वाघाचं हाय. डोळं उघडं हायती त्येचं.”

महिपतीनं मान हलवली. “अजून सांग,” तो म्हणाला.