वळणावरची वीस मिनिटं

घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी दाराच्या कुलपात नेमकं काय सरकतं हे बघायला तिने कुलूप खोलून ठेवलं होतं आणि ते पुन्हा जुळेपर्यंत घर तेरा तास सताड उघडं राहिलं होतं. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे सुटलंच नाही. आता तिने चाळिशी ओलांडली होती, स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, चारचौघांत मान होता. तरी दादा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "काय चौकशी, आज काय उघडून बसलीस?"

सध्या ती बाबांची गाडी उघडून बसली होती.

गाडी पन्नास वर्षांची, फिकट हिरवी, गोल नाकाची. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, खिडक्या हाताने फिरवायच्या, आणि रेडिओला दोन जाडजूड बटणं, त्यांतलं एक फक्त शोभेचं. बाबा छापखान्यात फोरमन होते. माणूस कडक, कामात चोख. स्वतःच्या कौतुकात तसे ते पडत नसत, पण गाडीचा विषय निघाला की छाती दोन इंच वर यायची. "तीस वर्षं दर रविवारी घाट चढून धरणावर नेतो. एकदाही बंद पडली नाही." हे वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. बाबा जाऊन सव्वा वर्ष झालं आणि तेवढे दिवस गाडी शेडमध्ये कापड पांघरून उभी होती.

दादाला ती विकायची होती. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि शेडमध्ये त्याला खोकी ठेवायची होती. गिऱ्हाईकही त्याने शोधून ठेवलं होतं. एक हॉटेलवाला. तो इंजिन काढून टाकणार होता, बॉनेटखाली माती भरून फुलझाडं लावणार होता आणि गाडी हॉटेलच्या दारात उभी करणार होता. हे ऐकून चौकशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुंडी करणार? बाबांच्या गाडीची?"

"मग काय करायचं? चालते का ती?"

"मी चालवून दाखवते."

दादाने हिशेबी माणसासारखी अट घातली. महिन्याभराने, रविवारी दुपारी दुकान बंद केलं की तो आणि आई गाडीत बसणार. घाट चढून धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं. "न थांबता," तो म्हणाला. "कुठेही बंद पडली की सोमवारी हॉटेलवाला." आई बाजूला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

चौकशीने पदर खोचला. बॅटरी नवी, तेल नवं, टायर नवे. टाकी काढून आतला गंज खळखळून धुतला. इंजिनावर इतकी वर्षं साचलेला चिकट काळा थर तिने दुकानातल्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने पुसून काढला. आणि तो पुसताना तिला एक गंमत सापडली. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या तांब्याच्या बारीक नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले होते. एक नाही, दोन नाही, सात.

तिने ते काढले आणि हसत आईला नेऊन दिले. आईने चिमटे हातात घेतले आणि तिचा चेहरा पडला.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

"असतील. बाबांनी लावले असतील कशाला तरी."

"अगं, नऊ वर्षांपूर्वी गेले होते. समोरच्या काकूंच्या दोरीवर अगदी असलेच दिसले, म्हणून मी त्यांना बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे." आईने चिमटे टोपलीत टाकले आणि वर टॉवेल झाकला. "काखेत कळसा नि गावाला वळसा. तू कुणाला बोलू नकोस."

पहिली चाचणी तिने एकटीने केली. गाडी शहरातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. घाट सुरू झाला, इंजिनाचा आवाज जड पण सरळ. अर्ध्या घाटात एक मोठं वळण आहे, तिथे दगडी कठडा आहे आणि खाली सगळं खोरं दिसतं. ते वळण गेलं, पुढचा मैलाचा दगड आला, आणि इंजिनाला ढास लागली. दोन आचके, आणि शांत. चावी फिरवून फिरवून हात दुखला. अर्ध्या तासाने मात्र गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी तोच दगड. तिसऱ्या वेळी दगडाच्या जरा अलीकडे. तिने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरचा तुकडा न् तुकडा सुटा करून धुतला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा प्रकार चालला होता, पण हे तिला तेव्हा कळत नव्हतं.

"बाबांच्या हातात तीस वर्षं बंद पडली नाही," दादा म्हणाला, "तुझ्या हातात तीन वेळा पडली. नाचता येईना अंगण वाकडं."

हे तिला लागलं. पण लागण्यापेक्षा जास्त ते तिच्या डोक्यात शिरलं. खरंच, बाबांच्या हातात का नाही पडली? हाच रस्ता, हीच गाडी. बाबा असं काय करत होते जे ती करत नव्हती? त्या प्रश्नाने तिची झोप उडाली. दुकानात गिऱ्हाईक समोर अक्षरं वाचत बसलेलं असायचं आणि ही मनात घाट चढत असायची. एका आजोबांना तिने चुकून आजींच्या नंबरची काच बसवून दिली.

तिने वही केली. पहाटे नेली तर गाडी बंद पडत नाही. दुपारी पडते. सपाटीवर पडत नाही, चढावर पडते. थंड झाली की आपोआप बरी होते. म्हणजे दुखणं उन्हाचं होतं. तिने पंपाला लावलेला, आतलं पेट्रोल दाखवणारा काचेचा पेला फडक्याने लख्ख केला आणि चौथ्या चाचणीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सोबत घेतलं. मिस्त्री बोलायला महाकंजूष. गाडी ठरल्या ठिकाणी बंद पडल्यावर ते उतरले, बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. पेल्यात पेट्रोल नव्हतं, नुसते बुडबुडे होते.

"उकळतंय," मिस्त्री म्हणाले.

"पेट्रोल?"

"नळीत वाफ धरते. पंप वाफ ओढतो. पेट्रोल येत नाही." त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि पंपावर टाकलं. चर्र आवाज झाला. "नळीवर काही होतं का?"

"चिमटे होते. सात. मी काढले."

मिस्त्री पहिल्यांदाच हसले. "जुन्या लोकांची समजूत. लाकूड ऊन खातं म्हणे."

"खातं का?"

"लावून बघा."

तिने शनिवारी टोपलीतून चिमटे पळवले, नळीवर लावले आणि पुन्हा गेली. गाडी त्याच दगडापाशी बंद पडली. म्हणजे चिमट्यांचा काही उपयोग नव्हता. खरा इलाज मिस्त्रींकडे होता. नळी इंजिनापासून लांबून फिरवायची आणि मध्ये पत्रा बसवायचा. पण पत्रा कापून घ्यायला त्यांना सोमवार उजाडणार होता, आणि रविवार तर उद्यावर आला होता.

"उद्या बंद पडायच्या आधीच थांबा," मिस्त्री फोनवर म्हणाले. "वीस मिनिटं बॉनेट उघडं, ओलं फडकं पंपावर. मग वरपर्यंत जाईल."

तिने फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. बंद पडायच्या आधीच थांबायचं. वीस मिनिटं.

आई आत कपाट लावत होती. "आई," तिने दारातून विचारलं, "बाबा घाटात मध्ये कुठे थांबायचे का गं?"

"वळणावर," आई म्हणाली. "कठड्यापाशी. देखावा बघायला. थर्मासमधून चहा न्यायचो आम्ही दोघं."

"किती वेळ थांबायचात?"

"असेल पंधरा-वीस मिनिटं. त्यांना फार आवडायचा तिथला देखावा." आईने एक साडी उगाच पुन्हा घडी केली. "दर रविवारी थांबायचे. न चुकता."

चौकशीला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काही कळलं याचं वाईट वाटलं. छापखान्यातला तो कडक माणूस बायकोला वळणावर उतरवून खोरं दाखवत होता, त्याचं कारण म्हणजे नळीत वाफ धरत होती. आईचं तीस वर्षांचं जे सुख होतं, ते पेट्रोलच्या उकळण्यामुळे होतं. हे आईला कळता कामा नये, असं तिने ठरवलं. आणि दादालाही कळता कामा नये, कारण त्याची अट 'न थांबता' अशी होती.

रविवारी दोनला तिघं निघाली. ऊन रणरणत होतं. चौकशी चालवत होती, शेजारी आई मांडीवर पिशवी घेऊन, मागे दादा घड्याळ बघत. चौकशीने आपल्या सीटखाली पिशवीत ओलं फडकं दडवलं होतं. ते दादाच्या डोळ्यांदेखत पंपावर कसं टाकायचं, याचा विचार ती सपाटीभर करत होती आणि काही सुचत नव्हतं. घाट सुरू झाला. वळण दिसलं. तिची पाचावर धारण बसली.

"जरा देखावा बघू या का?" ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच खोटा वाटला.

"थांबायचं नाही ठरलंय," मागून दादा म्हणाला.

"थांबव," आई म्हणाली.

गाडी कठड्याला लागली. चौकशी उतरली, इकडेतिकडे बघितलं, "पाणीबिणी जरा बघते" असं पुटपुटली आणि बॉनेट उचललं. मागून आई आली. तिने पिशवीतून एक चपटा डबा काढला, झाकण उघडलं आणि आतून एक नॅपकिन बाहेर काढला. चौपदरी घडी घातलेला, ओलाचिंब.

"हा घे," ती म्हणाली. "पंपावर टाक. तुझं ते सीटखालचं फडकं आहे ना, त्याला तेलाचा वास येतोय."

चौकशीने नॅपकिन हातात घेतला. दादा खाली उतरला. "हे काय चाललंय?"

"पहिल्याच रविवारी बंद पडली होती," आई म्हणाली. "त्या दगडापाशी. मी गाडीत झोपले होते असं त्यांना वाटलं. त्यांनी खाली उतरून स्वतःचा रुमाल भिजवला, पंपावर टाकला, आणि चालू झाल्यावर मला उठवून म्हणाले, बघ, वाटेत एकदाही थांबली नाही. पुढच्या रविवारपासून वळणावर देखावा सुरू झाला. मग मी डब्यात ओला नॅपकिन न्यायला लागले. हात पुसायला म्हणून. तो घेऊन ते बॉनेटमागे जायचे, पाणीबिणी बघायला."

"म्हणजे बाबांची गाडी बंद पडायची?" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"पडायच्या आधी थांबायचे ते. दुसरं काय करायचं असतं?"

"आई," चौकशी म्हणाली, "तुला सगळं माहीत होतं, तर त्यांना बोलली का नाहीस? एका पत्र्याचं काम होतं. दोन दिवसांत दुरुस्त झाली असती."

"म्हणूनच नाही बोलले." आई कठड्यावर बसली आणि थर्मासचं झाकण फिरवू लागली. "छापखान्यात दिवसभर उभे. घरी आले की हा नळ बघ, ते बिजागर बघ. जेवतानासुद्धा अर्धे उठलेले. तीस वर्षांत ते माझ्याजवळ निवांत बसले ते इथे. पंप गार होईपर्यंत. दुरुस्त केली असती तर सरळ वर गेलो असतो आणि सरळ खाली आलो असतो." तिने कप भरला आणि दादापुढे धरला. "बस. तूही दुकानात उभाच असतोस."

दादा उभा राहिला, मग बसला. आधी कठड्याच्या कडेला, मग नीट. चौकशीने नॅपकिन पंपावर टाकला. चर्र झालं, वाफ निघाली, आणि पेल्यातले बुडबुडे हळूहळू कमी होताना दिसले. ते बघताना तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. खाली खोऱ्यात एक नदी होती, ती तिने याआधी इतक्या वेळा इथून जाऊनही पाहिली नव्हती.

"अट न थांबता अशी होती," चहा संपवून दादा म्हणाला. पण त्याने कप पुन्हा पुढे केला होता.

"गाडी थांबली नाही रे," आई म्हणाली. "आपण थांबलो."

वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. दादाने घड्याळाकडे बघितलं नाही म्हणून कुणीच उठलं नाही. नंतर गाडी दगडाजवळून गेली, धरणापर्यंत गेली आणि उतरणीने घरी आली, आणि वाटेत दादाने दोनदा विचारलं की रेडिओचं ते दुसरं बटण मुळात कशाचं होतं.

सोमवारी हॉटेलवाल्याला त्यानेच नको म्हणून कळवलं. त्याच दुपारी मिस्त्री पत्रा कापून घेऊन आले. चौकशीने त्यांना चहा दिला, पत्रा बघून मनापासून कौतुक केलं आणि तो शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला.

"बसवायचा नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको."

"मग बंद पडेल."

"थांबू की आम्ही," ती म्हणाली. मिस्त्रींनी खांदे उडवले. चष्म्याच्या दुकानवाल्या बाईला डोळ्यांनी दिसतं तरी काय, असं त्यांच्या मनात आलं असावं.

त्या आठवड्यात आई सातही चिमटे घेऊन समोरच्या काकूंकडे गेली आणि दोन तास परत आली नाही. शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. दादा होता.

"काय चौकशी, उद्या दोनलाच ना?" तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, "आईला सांग, नॅपकिन मी भिजवून आणतो."